पदरचं वाक्य

आज सांगायचंच. धाकट्यांनी दाढी करता करता आरशातल्या माणसाला तसं बजावून ठेवलं, आणि आरशातला माणूसही छाती काढून तयार झाला. चहा घेताना त्यांनी तेच बायकोला ऐकवलं. आज मोठ्या बाईंना तोंडावर सांगणार, दुपारच्या जेवणाआधी सांगणार, आणि गरज पडली तर तीन भाषांत सांगणार! बायको म्हणाली की एका भाषेत जमलं तरी पुष्कळ आहे, आणि ती आपल्या कामाला लागली.

आता तीन भाषांची ही फुशारकी उगाच नव्हती. धाकटे दुभाषी होते. मोठमोठ्या परिषदांमध्ये सभागृहाच्या मागच्या भिंतीला काचेची एक पेटी असते ना, खोली म्हणायची लाज वाटावी एवढीशी, तिच्यात बसून ते काम करायचे. व्यासपीठावरचा पाहुणा त्याच्या भाषेत बोलणार, यांनी ते ऐकता ऐकता आपल्या भाषेत बोलायचं, आणि सभागृहातल्या लोकांनी कानाला हेडफोन लावून ते ऐकायचं. पाहुणा रागावला की यांनी रागवायचं, पाहुण्याने विनोद केला की यांनी तो करायचा. आणि सगळं "मी, मी" करून. पाहुणा "मला आनंद होतो" म्हणाला तर दुभाष्याने "यांना आनंद होतो" म्हणायचं नाही, "मला आनंद होतो" असंच म्हणायचं. कोणाचा मेला कोण आनंद, पण रीत ती रीत.

दुसऱ्याचं बोलायचं म्हटलं की धाकट्यांसारखा वाघ नाही. मंत्र्यांचं बोलले, सेनापतींचं बोलले, एकदा तर संपावर गेलेल्या वैमानिकांचं असं कडाडून बोलले की ऐकणाऱ्यांनी टेबलं बडवली. स्वतःचं बोलायची वेळ आली की मात्र बोबडी वळलीच. दुकानदाराने सुट्टे कमी दिले तरी हा गृहस्थ आभार मानून घरी येणार. असल्या माणसाला खरं म्हणजे सकाळीच धरून हलवावं, पण हलवणार कोण?

पेटीत दोघांनी आळीपाळीने बोलायचं असतं, अर्धा अर्धा तास, नाहीतर डोकं बधिर होतं. धाकट्यांच्या जोडीला अकरा वर्षं मोठ्या बाई होत्या. त्यांच्यामुळेच हे "धाकटे". वय सेहेचाळीस झालं, कानशिलं पांढरी झाली, पण पेटीत धाकटे ते धाकटेच. मोठ्या बाईंनीच त्यांना काम शिकवलं, आणि पुढच्या महिन्यात कोणाला किती काम मिळणार त्याची यादीही मोठ्या बाईच करायच्या. त्यांचा एकच नियम होता. पाहुणा जे बोलला ते बोला. पदरचं वाक्य घातलंत तर यादीतून नाव गेलं म्हणून समजा. असं एक नाव त्यांनी खरंच खोडलं होतं, आणि तो माणूस नंतर कुठे गेला ते कोणाला माहीत नव्हतं.

आणि मोठ्या बाई सेंट लावायच्या. लावायच्या म्हणजे मानेला, मनगटाला, रुमालाला, शालीला, आणि उरला तर हवेत. बाई यायच्या आधी वास यायचा आणि बाई गेल्यावर तो मुक्कामाला राहायचा. त्या बंद पेटीत धाकट्यांचं आधी कपाळ जड व्हायचं, मग डोळ्यांना धार लागायची, मग गळा कोणीतरी मुठीत धरल्यासारखा आवळायचा, आणि शेवटी शब्दच पळून जायचे. शब्द गेल्यावर दुभाष्याकडे राहिलं काय? आठ महिन्यांपूर्वी ते भीत भीत डॉक्टरकडे गेले. डॉक्टर म्हणाले, हे लाड नाहीत की भ्रम नाही, काही शरीरांना सुगंधी रसायनं सोसतच नाहीत. असे रुग्ण पुष्कळ असतात, फक्त लाजेने बोलत नाहीत. त्यांनी दाखला लिहून दिला, कामाच्या ठिकाणी द्या म्हणाले, आणि असंच अंगावर काढत राहिलात तर एक दिवस तिथेच आडवे व्हाल असा दमही भरला. घरी बायकोने त्याच आठवड्यात साबण बदलला, कपड्यांची पावडर बदलली, फरशी पुसायचं औषध फेकून दिलं. दाखला मात्र आठ महिने धाकट्यांच्या खिशातच होता. घडीवर घडी पडून तो बसच्या तिकिटाएवढा झाला होता.

तर आज सांगायचंच!

त्यांनी पेटीत पाऊल टाकलं. मोठ्या बाई आधीच बसल्या होत्या, आणि आज सेंट नवीन होता. धाकट्यांनी तोंड उघडलं. बाईंनी "काय रे?" म्हणून वर पाहिलं. धाकटे म्हणाले की आज हवा बरी आहे. बाई म्हणाल्या, हो, बरी आहे. झालं, एवढ्यावर बैठक बरखास्त.

त्या दिवशीची परिषद लिफ्टच्या सुरक्षिततेवर होती. चारशे माणसं, सगळी लिफ्ट बसवणारी, तपासणारी नाहीतर दुरुस्त करणारी. पहिला अर्धा तास मोठ्या बाई बोलल्या. मग मुख्य पाहुणे उभे राहिले. सत्तरीचे काटकुळे आजोबा, आयुष्यभर लिफ्टच्या दारांचा अभ्यास केलेले, कॉलरला छोटा माइक लावलेले. दुभाष्यामार्फत बोलायची त्यांची ही पहिलीच वेळ. आता पाळी धाकट्यांची होती.

पण तेवढ्यात धाकटे खोकले. मोठ्या बाई उठता उठता थांबल्या. त्यांचा या आपल्या शिष्यावर फार जीव. गार हवा लागली असेल, असं म्हणून त्यांनी स्वतःची शाल काढली आणि धाकट्यांच्या गळ्याभोवती दोन वेढे देऊन घट्ट बांधली. मग वारा येऊ नये म्हणून पेटीचं दार बाहेरून नीट लावून घेतलं, आणि नेहमीप्रमाणे सभागृहात तिसऱ्या रांगेत जाऊन, हेडफोन लावून, पेटीकडे तोंड करून बसल्या. आवाज नीट पोचतो की नाही ते त्या अशाच तपासायच्या.

घ्या! वास समोर होता तेव्हा निदान मान वळवता येत होती. आता तो गळ्यात बांधून दिलेला. शाल सोडावी तर बाई बघतायत. तिसऱ्या रांगेतून त्यांनी हसून मान हलवली, धाकट्यांनीही हसून मान हलवली, आणि त्यांच्या पाठीवरून घामाचा ओघळ खाली गेला.

आजोबा बोलायला लागले. लिफ्टमध्ये अडकलेला माणूस कसा घाबरतो, त्याचं ते वर्णन करत होते. धाकटे बोलत होते आणि मधून मधून खोकल्याचं बटण दाबत होते. हे बटण दुभाष्याची फार मोठी सोय असते. ते दाबलेलं असेपर्यंत माइक बंद, मग खोका, शिंका, काय वाटेल ते करा. दहा मिनिटांत धाकट्यांच्या डोळ्यांपुढे पाण्याचा पडदा आला. बाराव्या मिनिटाला गळा आवळला. पंधराव्या मिनिटाला त्यांना खरंच वाटलं की डॉक्टर म्हणाले तो दिवस हाच. इथेच, या पेटीत, मोठ्या बाईंच्या शालीत. घरी बायकोला कोण सांगेल? काय सांगेल? पेटीबाहेर ध्वनियंत्रणेचा तंत्रज्ञ पाठ करून बसला होता. त्याला हाक मारायची ठरवून धाकट्यांनी चाचपडत खोकल्याचं बटण दाबलं.

दाबलं असं त्यांना वाटलं. शालीचा पदर टेबलावर पसरला होता आणि त्याच्याखाली बटणं होती चार. त्यांनी दाबलं ते दिव्याचं.

"दार उघडा," धाकटे म्हणाले. "कोणीतरी दार उघडा हो."

सभागृहात चारशे हेडफोनांतून ते पोचलं. लोकांनी माना डोलावल्या. अडकलेल्या माणसाचा दाखला किती हुबेहूब दिला आजोबांनी! काहींनी वहीत लिहूनही घेतलं.

"मला श्वास घेता येत नाहीये," धाकटे म्हणाले. "खरंच सांगतो, मी आता जातोय."

आता लिहिणाऱ्यांची पेनं थांबली. व्यासपीठावर अध्यक्षबाई होत्या, त्यांनी दचकून आजोबांकडे पाहिलं. आजोबा तर पडद्यावरच्या आकृतीकडे काठी दाखवत हसत होते. पण हसऱ्या तोंडाची माणसं अचानक जातात, असं अध्यक्षबाईंनी नुकतंच कुठेतरी वाचलं होतं. हेडफोन काढून फेकून त्या धावल्या. प्रथमोपचाराची पेटी घेऊन एक धिप्पाड स्वयंसेवक धावला. दोघांनी मिळून आजोबांना टेबलावर आडवं केलं.

आजोबा त्यांच्या भाषेत ओरडायला लागले की मला काही झालेलं नाही, मी ठणठणीत आहे, मला सोडा. कॉलरचा माइक चालूच होता. आणि धाकट्यांना डोळ्यांतल्या पाण्यामुळे समोरचं काही दिसत नव्हतं, पण कानात वाक्य आलं की ते तोंडातून बाहेर पडायचंच, अकरा वर्षांची सवय. त्यांनी इमानदारीत भाषांतर केलं.

"मला... काही... झालेलं... नाही," सभागृहाने ऐकलं, आणि आवाज असा की विहिरीच्या तळातून यावा. "मी... ठण... ठणीत..."

पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी डोळ्यांना पदर लावला. स्वयंसेवकाने आजोबांचे पाय वर धरले. आजोबा बिचारे आणखी जोरात ओरडले की लिफ्टमध्ये कोणी गुदमरत नाही, हवा पुरेशी असते, हेच तर मी सांगत होतो. धाकट्यांनी तेही घुसमटत, धापा टाकत, हवा पुरेशी असल्याचं जाहीर केलं.

चारशे माणसांत खरं काय ते एकट्या मोठ्या बाईंना कळलं होतं. त्यांना आजोबांची भाषा येत होती, आणि "मला श्वास घेता येत नाही" असं आजोबा म्हणालेच नव्हते, हे त्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. म्हणजे त्यांच्या शिष्याने पदरचं वाक्य घातलं! त्या रांगेतून तरातरा निघाल्या. काचेवर त्यांची सावली पडली तेव्हा धाकट्यांची पाचावर धारण बसली. श्वास आधीच जात होता, आता यादीतलं नावही चाललं.

दार उघडलं. बाहेरची हवा आत आली आणि धाकट्यांनी ती घटाघटा प्यायली.

"धाकट्या, वाक्य घातलंस?" मोठ्या बाईंनी विचारलं.

आता काय लपवायचं? मरण जवळून पाहिलेल्या माणसाला क्षणभर का होईना, धीर येतो. धाकट्यांनी गळ्यातली शाल ओढून काढली आणि अकरा वर्षं घशात अडकलेलं सगळं एका दमात बाहेर टाकलं. "बाई, तुमच्या सेंटने मी गुदमरतो. अकरा वर्षं गुदमरतोय. रोज वाटतं आज मरणार. तुम्हाला सांगायची भीती वाटते म्हणून सांगत नाही."

मोठ्या बाई पांढऱ्याफटक पडल्या. त्यांनाही बसायला खुर्ची लागली.

"अरे, मग तुझा लसूण?" त्या म्हणाल्या. "गळा साफ राहावा म्हणून तू रोज सकाळी कच्चा लसूण चावून येतोस. पहिल्या दिवसापासून. माझं डोकं भणभणायचं. तुला बोललं तर तू दुखावशील, काम सोडून जाशील, म्हणून मी सेंट लावायला लागले. तू लसूण वाढवलास की मी सेंट वाढवायचे. अकरा वर्षं तुझ्या लसणापायी जीव मुठीत धरून बसते मी इथे."

तेवढ्यात तंत्रज्ञ काचेवर दोन्ही हातांनी बडवायला लागला. तो टेबलाकडे बोट दाखवत होता. शाल निघाली होती, आणि माइकचा लाल दिवा अगदी स्वच्छ दिसत होता.

म्हणजे सभागृहाने काय ऐकलं ते बघा. टेबलावर आडवे आजोबा, त्यांच्यावर वाकून अध्यक्षबाई काहीतरी विचारतायत. आणि हेडफोनमध्ये आधी पुरुषाचा आवाज: बाई, अकरा वर्षं तुमच्या सेंटने गुदमरतोय. मग बाईचा आवाज: आणि तुझा लसूण? चारशे लिफ्टवाले श्वास रोखून पुढे सरकले. दुभाष्याच्या पेटीत "मी" म्हणजे व्यासपीठावरचा मी, हे त्यांना सकाळीच समजावून सांगितलेलं. एवढी जुनी ओळख, आणि हे असं सगळ्यांसमोर! कोणीतरी हळूच अध्यक्षबाईंच्या कानाला लागलं. अध्यक्षबाई लाल झाल्या, माइकपाशी आल्या आणि म्हणाल्या की हे गृहस्थ मला आज सकाळी साडेनऊला पहिल्यांदा भेटले. सेंट मी लावला आहे, हे कबूल. पण लसणाबद्दल मी यांना एक शब्द बोललेले नाही. मग हे बोललं कोण?

चारशे माना वळल्या, पेटीकडे.

धाकट्यांच्या तोंडचं पाणी पळालं. उठून कबूल करावं म्हणून त्यांनी तोंड उघडलं, तर आवाजच येईना. मघाच्या एका दमात तो संपला होता. त्यांनी खिशातला दाखला काढला आणि मोठ्या बाईंपुढे ठेवला. बाईंनी एकेक घडी उलगडली. वाचला. पुन्हा वाचला. तारखेपाशी त्यांचं बोट थांबलं.

"आठ महिने?" त्यांनी हळू आवाजात विचारलं.

मग त्यांनी माइक स्वतःकडे ओढला. सभागृहाला सांगितलं की मघाची वाक्यं पाहुण्यांची नाहीत, दुभाष्याची आहेत. आणि दाखला वाचायला घेतला. त्यांच्या रीतीप्रमाणे त्यांनी "रुग्णाला" म्हटलंच नाही. "मला सुगंधी रसायनं सोसत नाहीत," त्या म्हणाल्या. "मला चक्कर येते, माझा गळा आवळतो. हा माझा हट्ट नाही. माझ्या कामाच्या जागी कोणी सेंट, सुगंधी फवारे, वासाची औषधं वापरू नयेत, एवढीच माझी विनंती आहे." अकरा वर्षांत धाकट्यांनी इतक्या लोकांचं "मी" म्हणून सांगितलं, त्यांचं कोणीतरी "मी" म्हणून सांगण्याची ही पहिलीच वेळ. त्यांना रडू आलं, आणि या वेळी ते सेंटमुळे नव्हतं.

धाकट्यांना वाटलं आता हसणार. तर मागच्या रांगेतून एक दुरुस्तीवाला उभा राहिला. तो म्हणाला की काही इमारतींच्या लिफ्टमध्ये सुवासाचे डबे लावलेले असतात, तिथे काम करून आलो की मी जिन्यात बसून ओकतो. साहेब हसतील म्हणून कधी बोललो नाही. मग एक तपासनीसबाई उठल्या. मग कोपऱ्यातून तिघं. अध्यक्षबाईंनी हात वर करायला सांगितले तर एकोणचाळीस हात आले, आणि चाळिसावा त्या धिप्पाड स्वयंसेवकाचा. आजोबांचे पाय खाली ठेवून त्याने तो वर केला होता. जेवणाआधी ठराव झाला की यापुढे या परिषदेत आणि सभागृहात सुगंधी काहीही लावून यायचं नाही. अध्यक्षबाई स्वतः जाऊन मान धुऊन आल्या.

पण यादीचं अजून बाकी होतं. लोक जेवायला गेल्यावर मोठ्या बाईंनी पर्समधून पुढच्या महिन्याची यादी आणि पेन्सिल काढली. नियम बाईंचा, आणि त्यांनी तो आजवर कोणासाठी मोडला नव्हता. पेन्सिल धाकट्यांच्या नावावर आली. धाकट्यांनी डोळे मिटले. उघडून बघतात तर नावापुढे बाईंनी लिहिलं होतं: जोडीला मी, सेंटशिवाय. आणि खाली, जरा बारीक अक्षरात: लसणाशिवाय.

"वाक्य घातलंस ते चूकच," त्या म्हणाल्या. "पण फार उशिरा घातलंस, ही त्याहून मोठी चूक."

धाकट्यांना एवढं हलकं अकरा वर्षांत वाटलं नव्हतं. त्यांनी भरभरून श्वास घेतला.

आणि तो घशातच अडकला. दारात लिफ्टवाले आजोबा उभे होते. ठरावाचं श्रेय सगळ्यांनी त्यांच्या भाषणाला दिलं होतं, चारशे लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या होत्या, आणि हे सगळं या दुभाष्यामुळे, म्हणून ते त्याला कडकडून भेटायला आले होते. टेबलावर आडवं पडून कोट चुरगळला, म्हणून त्यांनी तो बदलला होता, आणि नव्या कोटावर, बहुतेक आनंदाच्या भरात, अर्धी बाटली सेंट ओतला होता. ठरावात नक्की काय आहे ते त्यांना अजून कोणी त्यांच्या भाषेत सांगितलंच नव्हतं. हात पसरून ते पुढे येत होते.

धाकटे भिंतीला चिकटले. आवाज अजून परतला नव्हता. पण आज काही झालं तरी गप्प बसायचं नाही. त्यांनी मोठ्या बाईंच्या कानाशी वाकून, जेमतेम फुटणाऱ्या आवाजात सांगितलं की मला तुमच्या सेंटचा फार त्रास होतो, कृपा करून माझ्यापासून लांब राहा. मोठ्या बाईंनी ते आजोबांना त्यांच्या भाषेत, जसंच्या तसं सांगितलं. मला तुमच्या सेंटचा फार त्रास होतो. कृपा करून माझ्यापासून लांब राहा.

आजोबा ओशाळले. त्यांनी मोठ्या बाईंची मनापासून माफी मागितली, त्यांच्यापासून चांगली चार पावलं लांब सरकले आणि धाकट्यांना घट्ट छातीशी धरलं. मग त्यांच्या पाठीवर थोपटत म्हणाले की बाबा रे, इतक्या नाजूक बाईंबरोबर तू काम तरी कसं करतोस?

मोठ्या बाईंनी एकही शब्द न गाळता तेही आपल्या भाषेत करून सांगितलं.